पिरॅमिड आणि क्वांटम: गाइडने सांगितलेल्यातलं खरं किती?

भटकभवानी (धागाकर्ती)

मंडळी, मागच्या आठवड्यात इजिप्तहून परत आले. प्रवासवर्णन सवडीने लिहीन (लिहीन म्हणजे लिहीनच असं नाही, जुने सभासद ओळखून आहेत). सध्या एकाच गोष्टीसाठी धागा काढतेय.

गिझाला खुफूच्या पिरॅमिडच्या (तोच तो सगळ्यात मोठा) आत गेलो होतो. आत जाणं म्हणजे चालणं नव्हे. चढत्या बोळाची उंची जेमतेम सव्वा मीटर. कमरेत वाकायचं, फळ्यांवर ठोकलेल्या आडव्या पट्ट्यांवर पाय रोवत बदकासारखं वर सरकायचं, पुढच्या माणसाची सॅक आपल्या नाकाला. मग एकदम ग्रँड गॅलरी लागते: साडेआठ मीटर उंच, दोन्ही भिंतींचे थर वर जाता जाता थोडे थोडे आत सरकलेले. तिच्या टोकाला राजाची खोली. लाल ग्रॅनाइट, कोपरा फुटलेली दगडी पेटी आणि मरणाचा उकाडा. एक परदेशी गट आधीच डोळे मिटून गोल करून बसला होता. त्यांनी 'आऽऽऽ' लावला आणि खोली अशी घुमली की माझ्या छातीच्या पिंजऱ्यात ते जाणवलं. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

बाहेर आल्यावर गाइडने सुरू केलं. म्हणे पिरॅमिडचा अक्षांश म्हणजे प्रकाशाचा वेग. उंची आणि परिमितीत 'पाय' (वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, तो ३.१४ वाला) लपवलाय. ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झमुळे वीज तयार व्हायची. आणि शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की पिरॅमिड 'क्वांटम ऊर्जा' खेचून तळाशी गोळा करतो.

मी बी.कॉम. नवरा आयटीतला, त्याला विचारलं तर म्हणाला 'असेल'. म्हणून इथे आले.

---

खवट_शेंगदाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. शंभरी नक्की.

---

आज्ञाचक्र

ताई, तुम्हाला जे छातीत जाणवलं तेच उत्तर आहे. अनुभव हा पुरावा नसतो असं इथले काही जण म्हणतील, म्हणू देत. अक्षांश २९.९७९२४५८, प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. नऊच्या नऊ अंक जुळतात. याला योगायोग म्हणणं हीसुद्धा अंधश्रद्धाच. क्वांटम फिजिक्स आज म्हणतंय की निरीक्षकाशिवाय वास्तव नाही. त्या पेटीत झोपवलेला दीक्षार्थी निरीक्षकच होता.

---

लोलक

तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलंय, म्हणून राहवत नाही. आधी अक्षांश घेतो, कारण हे व्हॉट्सॲपवर मला वर्षातून चारदा तरी येतं.

प्रकाशाचा तो आकडा मीटर आणि सेकंद या एककांतला आहे. मीटर फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातला: ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. सेकंद म्हणजे दिवसाचे ८६,४०० तुकडे. अक्षांश मोजायला वर्तुळाचे ३६० भाग हवेत, आणि वर अपूर्णांक दशमान पद्धतीत लिहायचे. खुफूच्या माणसांना यातलं काय माहीत होतं? ते 'हात' वापरायचे. त्यांचा शाही हात सुमारे ५२.४ सेंटीमीटरचा, त्याचे सात तळहात, एका तळहाताची चार बोटं. प्रकाशाचा वेग त्यांच्या एककात लिहा, सगळे अंक बदलतात.

आता ते नऊ अंक. अंशाचा सातवा दशांश म्हणजे जमिनीवर एक सेंटीमीटर. पिरॅमिडची बाजू २३० मीटर. म्हणजे तो २९.९७८ पासून २९.९८० पर्यंत पसरलाय, आणि मधला हवा तो आकडा त्याच्यातून जातोच. मध्यबिंदू म्हणून पाहिलं तर २९.९७९२ एवढंच जुळतं. पुढचे अंक जुळवणाऱ्याने लावलेत. उरलेलं जुळणं मजेशीर आहे, हे मान्य. पण मजेशीरच.

---

ओळंबा

पायचं मी घेतो सर, हा आमच्या धंद्यातला विषय आहे. (सिव्हिल, सध्या मस्कतला साइटवर.)

आपल्याकडे गवंडी बाथरूमचा ढाळ कसा सांगतो? अंशात सांगतो का? 'फुटाला दोन सूत' म्हणतो. एवढ्या लांबीला एवढा उतार, संपला विषय. इजिप्तचे मिस्त्री हेच करायचे, फक्त उलट बाजूने: एक हात वर चढताना दगड किती तळहात आत घ्यायचा. याला ते 'सेकेद' म्हणत. ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखली जाणारी गणिताची वही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, अहमोस नावाच्या लेखनिकाने उतरवलेली. तिच्यात ५६ ते ६० क्रमांकाची उदाहरणं ही पिरॅमिडच्या उताराचीच.

खुफूच्या पिरॅमिडची बाजू ४४० हात, उंची २८० हात. अर्धी बाजू २२०. २२० भागिले २८०, गुणिले सात तळहात: बरोब्बर साडेपाच. सेकेद साडेपाच तळहात. साधा, लक्षात राहणारा आकडा, मुकादम ओरडून सांगू शकेल असा.

आता परिमिती भागिले उंची करा. १७६० भागिले २८० म्हणजे ४४/७. म्हणजे दोन गुणिले २२/७. झाला पाय! कुणी लपवला नाही, साडेपाच आणि सात या दोन आकड्यांतून तो आपोआप पडतो. गंमत म्हणजे शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडचा सेकेद सव्वापाच आहे. तिथे हेच गणित केलं तर पाय येतो तीन. बापाला पाय कळला आणि मुलगा विसरला असं म्हणायचं का?

आणि त्या ऱ्हाइंड वहीतच वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायची रीत आहे: व्यासाचा नववा भाग वजा करा आणि उरलेल्याचा वर्ग करा. त्यातून पाय ३.१६ येतो. पिरॅमिडपेक्षा हजारेक वर्षांनंतरची वही आणि २२/७ पेक्षा ढिला आकडा.

---

खवट_शेंगदाणा

आमच्या गवंड्याने फुटाला दोन सूत सांगून शून्य सूत दिला. पाणी अजून दारात थांबतं. त्याच्यातही काही वैश्विक संदेश असेल का?

---

उंबरठा

धागा वाचून गप्प बसवत नाही.

आमच्या सासूबाईंनी तीन वर्षांपूर्वी वास्तुदोषासाठी पिरॅमिड घेतले. प्लॅस्टिकच्या एका पट्टीवर नऊ छोटे पिरॅमिड, आत तांब्याचा पत्रा. माणूस घरी आला होता, होकायंत्र घेऊन. 'आई, हे क्वांटम आहे, याला श्रद्धा लागत नाही,' हे त्याचं वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. दोन पट्ट्या संडासाच्या दारावर, एक गॅसच्या ओट्याखाली.

मुलगा तेव्हा नववीत. त्याने विज्ञानाच्या वहीसाठी प्रयोग केला. एकाच फण्यातली दोन केळी. एक पिरॅमिडखाली, दुसरं बुटाच्या तेवढ्याच खोक्याखाली. कुठलं कुठे आहे ते फक्त त्याच्या बहिणीला माहीत, आणि रोज फोटो बघून 'ताजं कुठलं' हे आजीने सांगायचं. पाच दिवसांत आजी तीनदा बुटाचं खोकं म्हणाली. सहाव्या दिवशी चिलटांमुळे प्रयोग बंद केला.

पट्ट्या अजून आहेत. काढल्या तर रंग निघेल, असं सासरे म्हणतात.

---

लोलक

@उंबरठा, चिरंजीवांना माझ्याकडून शंभरपैकी शंभर. आंधळी चाचणी कशी करावी हे मोठमोठ्यांना सुचत नाही.

हे खूळ जुनं आहे बरं का. १९५९ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पुठ्ठ्याच्या पिरॅमिडखाली दाढीचं ब्लेड धारदार राहतं म्हणून एकाने चक्क पेटंट मिळवलं होतं. तेव्हा त्याला कुणी 'क्वांटम' म्हणत नसे. शब्द फॅशनप्रमाणे बदलतो. आधी चुंबकत्व असायचं, मग कंपनं आली, आता क्वांटम.

त्याच्याही आधी, १८६४ मध्ये, पियाझी स्मिथ यांनी यावर पुस्तकच लिहिलं. साधासुधा माणूस नव्हे, स्कॉटलंडचे राजखगोलज्ञ! पिरॅमिड 'पिरॅमिड इंचात' बांधलाय आणि त्यात ईश्वरी संदेश आहे, असा दावा. फ्लिंडर्स पेट्री नावाचा तरुण हे वाचून भारावला आणि १८८० मध्ये मोजायलाच गेला. एका थडग्यात मुक्काम, आणि प्रवाशांचा त्रास नको म्हणून नुसत्या आतल्या कपड्यांवर मोजमापं. त्याने इतकं काटेकोर मोजलं की स्मिथ यांचा सिद्धांत तिथेच झोपला. आत एका ग्रॅनाइटच्या दगडाला एक उंचवटा आहे. सिद्धांतात बसावा म्हणून एका पिरॅमिडभक्ताला तो कानशीने घासताना पकडल्याचं पेट्री सांगायचा. स्मिथ यांच्या थडग्यावरचा दगड मात्र पिरॅमिडच्याच आकाराचा आहे. निष्ठा म्हणावी तर ती.

---

आज्ञाचक्र

केळ्यांवर चेष्टा करणं सोपं आहे. पण २०१८ चा शोधनिबंध? रशिया आणि जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी, मान्यताप्राप्त नियतकालिकात दाखवलंय की पिरॅमिड विद्युतचुंबकीय ऊर्जा खोल्यांमध्ये आणि तळाखाली एकवटतो. गाइड चुकीचं बोलला नाही. यावर लोलक सर काय म्हणतात?

---

लोलक

चांगला प्रश्न. तो निबंध खरा आहे. सेंट पीटर्सबर्गचं आयटीएमओ विद्यापीठ आणि हॅनोव्हरची लेझर संस्था, जर्नल ऑफ अप्लाइड फिजिक्समध्ये. मी वाचलाय.

त्यांनी पिरॅमिडवर काहीही मोजलं नाही, संगणकावर प्रतिकृती केली. दगड सगळीकडे एकसारखा धरला आणि अज्ञात पोकळ्या नाहीत असं गृहीत धरलं. २०० ते ६०० मीटर लांबीच्या रेडिओ लहरी तिच्यावर सोडल्या तर काय होईल, हे काढलं. उत्तर आलं की अनुनाद होतो. २३० मीटरच्या वस्तूचा तेवढ्याच मापाच्या लहरींशी अनुनाद होणारच. ताटली घ्या, तांब्या घ्या, प्रत्येकाची आपापली लहर असते.

आणि २०० ते ६०० मीटर म्हणजे काय ठाऊक आहे? आपली मध्यम लहर! मुंबई 'ब' केंद्र, ५५८ किलोहर्ट्झ, म्हणजे सुमारे ५३७ मीटर. त्या निबंधाचा पिरॅमिड सकाळच्या भक्तिगीतांशी अनुनाद करेल. यात क्वांटम औषधालाही नाही. सगळं मॅक्सवेलच्या विद्युतचुंबकीय समीकरणांचं, एकोणिसाव्या शतकातलं. त्या मंडळींना खरा रस होता त्याच आकाराच्या नॅनोकणांत, सेन्सर आणि सोलर सेलसाठी. पिरॅमिड मथळ्यासाठी उत्तम.

क्वार्ट्झचंही सांगून टाकतो. क्वार्ट्झ दाबला की विद्युतभार दिसतो, हे खरं. पण ग्रॅनाइटमध्ये त्याचे कण वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले असतात, एकाचं दुसरा खोडतो. शिवाय वीज वाहायला दाब बदलता हवा. साडेचार हजार वर्षं एकाच जागी बसलेला दगड गॅसचा लायटर होत नाही.

खोली घुमते ती गुळगुळीत ग्रॅनाइट आवाज पीत नाही म्हणून. बाथरूममध्ये सगळेच गवई होतात, तेच कारण, बाथरूम मोठं. पण भटकभवानी, अंगावर आलेला काटा खराच आहे, तो मी खोडत नाही.

क्वांटमचंही माप घेऊ. अडीच टनांचा चिरा माणसाच्या सावकाश चालीने ओढला तर त्याची द ब्रॉयली तरंगलांबी (क्वांटमच्या नियमाने प्रत्येक हलत्या वस्तूला येणारी लहरीची लांबी) प्रोटॉनच्या आकारापेक्षा एकावर एकवीस शून्यं इतक्या पटींनी लहान येते. गणित चालतं, पण दिसणार काहीच नाही.

---

खवट_शेंगदाणा

श्रोडिंगरची मांजर पेटीत जिवंत की मेलेली ते उघडल्याशिवाय कळत नाही. इजिप्तमध्ये मात्र पेटीतली मांजर हमखास मेलेलीच. या बाबतीत ते आपल्या पुढे होते हे मान्य करा.

---

संपादक

वैयक्तिक शेरे असलेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. 'अंधभक्त' आणि 'पुरोगामी' हे दोन्ही शब्द या धाग्यापुरते टाळावेत.

---

नागोयाकर

उशिरा आलो. इथे सगळे 'क्वांटम नाही' सिद्ध करण्यात गुंतलेत, आणि पिरॅमिडशी ज्या क्वांटम कणाचा खरोखर संबंध आला त्याचं नावच नाही. म्युऑन!

मी नागोयात राहतो (गाड्यांच्या धंद्यात, विद्यापीठात नाही), म्हणून हे जरा गावचं प्रेम समजा. अवकाशातून येणारे किरण वातावरणावर आदळतात, त्यातून म्युऑन तयार होतात. इलेक्ट्रॉनचाच भाऊ, पण २०७ पट जड. १९३६ मध्ये सापडला तेव्हा कुणाच्याच हिशेबात नव्हता. 'हा कुणी मागवला?' असं भौतिकशास्त्रज्ञ रॅबी यांनी विचारल्याचं प्रसिद्ध आहे. तो दगडातून जातो, पण जाता जाता शक्ती गमावतो. दगड जास्त, पार होणारे म्युऑन कमी. वाटेत पोकळी असेल तर त्या दिशेने थोडे जास्त येतात. एक्स-रेचंच तत्त्व, किरण फुकटचे.

पहिला प्रयत्न लुइस आल्व्हारेझ यांचा, नोबेलवाले. खाफ्रेच्या पिरॅमिडखालच्या खोलीत त्यांनी यंत्र बसवलं. १९७० मध्ये निकाल छापला: तपासलेल्या १९ टक्के भागात लपलेली खोली नाही. लोक म्हणतात त्यांना काही सापडलं नाही. 'नाही' सापडलं, हा फरक आहे.

मग स्कॅनपिरॅमिड्स हा प्रकल्प. नागोया विद्यापीठाने राणीच्या खोलीत फिल्मच्या पट्ट्या ठेवल्या. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलसारख्याच, त्यात म्युऑनचा माग उमटतो, नंतर रोल धुवायचा. जपानच्याच केईके या संशोधन संस्थेने वेगळं यंत्र लावलं, फ्रान्सच्या सीईए या संस्थेने तिसरं, तेही पिरॅमिडच्या बाहेर. तिन्हींनी एकाच जागी बोट ठेवलं: ग्रँड गॅलरीच्या वर, किमान ३० मीटर लांबीची पोकळी. नोव्हेंबर २०१७, नेचर नियतकालिकात. २०२३ मध्ये उत्तर बाजूला ९ मीटरची बोळकांडी पक्की झाली, आणि तिथे दगडांच्या सांध्यातून डॉक्टर पोटात घालतात तशी कॅमेऱ्याची नळी घातली. आत डोकावल्यावर दिसलं काय, तर घराच्या आढ्यासारखं त्रिकोणी छत आणि रिकामी फरशी. ४,५०० वर्षांत कुणी न पाहिलेली.

---

आज्ञाचक्र

हेच मी म्हणत होतो! २०१७ च्या त्या निबंधाच्या आदल्या दिवशी इथे कुणी 'आत अजून पोकळी आहे' म्हटलं असतं, तर तुम्ही त्यालाही केळं दाखवलं असतं.

---

लोलक

@आज्ञाचक्र, टोला बसला. मी दाखवलं असतं, बहुतेक. पण तिघांनी तीन वेगळ्या यंत्रांनी मोजल्यावर केळं मागे घेतलं असतं. ती मोठी पोकळी कशासाठी, हे अजून उघडंच आहे. बांधकामातली मोकळी जागा असेल, असं म्हणणारे पुरातत्त्ववालेही आहेत.

@नागोयाकर, दंडवत. यात आपल्या मुंबईचा एक धागा घालू द्या. म्युऑन स्वस्थ असेल तर २.२ मायक्रोसेकंदांत मरतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी तेवढ्यात ६६० मीटर. तयार होतो पंधरा किलोमीटर वर. मग जमिनीवर पोचतो कसा? आइन्स्टाइनच्या सापेक्षतेमुळे, धावणाऱ्याचं घड्याळ सावकाश चालतं म्हणून. वेगाने जाणाऱ्या या कणाचं आयुष्य असं लांबलेलं दिसेल, हे १९३८ मध्येच होमी भाभांनी लिहून ठेवलं होतं. ते लांबणं नसतं तर पिरॅमिडपर्यंत म्युऑनच पोचले नसते. आणि पुढे भाभांच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) लोकांनी कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोल उतरून हेच म्युऑन मोजले. तिथे डोक्यावर पिरॅमिडच्या कितीतरी पट दगड होता.

---

ओळंबा

वाचनखूण साठवली. पण एक सल आहे. क्वांटम घ्या नाहीतर परग्रहवासी, प्रत्येक वेळी श्रेय मिस्त्र्याकडून काढून घेतलं जातं.

२०१३ मध्ये लाल समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरस सापडले. त्यात मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे, खुफूच्या कारकिर्दीतली. हाताखाली चाळीसेक माणसं. काम एकच: तुरा इथल्या खाणीतला पांढरा चुनखडक होडीत भरायचा आणि गिझाला उतरवायचा. आज खाणीत मुक्काम, उद्या होडी भरली, परवा पोचलो, परत. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आमचा साइटचा डेली रिपोर्ट याहून वेगळा नसतो. फक्त आमच्यात 'सिमेंट आलं नाही' जास्त असतं.

आणि चुकाही आहेत. दहशूरला जा. खुफूच्या बापाचा पिरॅमिड खालून ५४ अंशांनी चढवला, आणि अर्ध्यात ४३ वर आणला, कारण काम तडकायला लागलं होतं. सगळ्या जगाला दिसेल असा वाकलाय. त्याच्या पुढचा पहिल्यापासून ४३ ने. हे शिकणारे लोक होते हो. प्रकाशाचा वेग माहीत असलेल्याने ढाळ चुकवला नसता.

---

खवट_शेंगदाणा

क्वांटममधला एक आकडा मात्र खरा एककमुक्त आहे, विद्युतचुंबकीय बलाचं माप सांगणारा १३७. (जवळपास. सर, मारू नका.) काल रात्री पिरॅमिड सोडून आमच्या कॅरमबोर्डावर बसलो. बाजू २९ इंच, परिमिती ११६. सोंगट्या १९. झाले १३५. स्ट्रायकर धरून १३६. बोर्ड स्वतः एक. १३७! कॅरम कुणी बनवला असेल बरं?

---

लोलक

हसून हसून पुरेवाट. पण तुम्ही थोरांच्या पंगतीला बसलात. इंग्लंडचे खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी शुद्ध तर्काने हा आकडा १३६ काढला होता. मोजमापं १३७ कडे झुकली तेव्हा त्यांना आणखी एक मिळवायचं कारण सापडलं. टवाळांनी नाव ठेवलं, सर आर्थर 'ॲडिंग-वन'. तुमचा बोर्ड तोच.

---

भटकभवानी

बापरे, एवढं होईल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, आज्ञाचक्र यांचेही, तुम्ही नसता तर सर एवढे खुलले नसते.

आता खरं सांगा, मी त्या खोलीत वीसेक मिनिटं होते. माझ्यातून म्युऑन गेले का?

---

लोलक

गेले. पण वरच्या दगडाने बरेचसे अडवल्यामुळे अगदी थोडे. आत्ता घरी बसल्या जागी जास्त जाताहेत. समुद्रसपाटीला चौरस सेंटीमीटरमागे मिनिटाला साधारण एक. तळहात आडवा धरा, मिनिटाला शंभरेक.

---

भटकभवानी

धरला. मिनिटभर. काही कळलं नाही.

---

खवट_शेंगदाणा

ओट्याखालची पट्टी काढून बघा.

---

उंबरठा

ती माझी आहे. आणि रंग निघतो.